नाव एकीकडे, साचा दुसरीकडे

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांच्या घरी इंग्लंडहून एक लांबुळके खोके आले. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. खोक्यात पुढचे डावे मडगार्ड होते आणि दोन्ही दारांखालून जाणाऱ्या पोकळ पट्ट्यांचे पत्रे, ज्यांना तिकडे 'सिल' म्हणतात. सगळ्यावर काळा प्रायमर. मालाच्या किमतीइतकेच पैसे वाहतूक आणि सीमाशुल्कापायी गेले होते. काकूंनी त्या काळ्या मडगार्डाकडे पाहून फक्त एवढेच विचारले, "आणि हे असं किती तुकड्यांत येणार आहे?"

काकांची गाडी म्हणजे १९६७ची एमजीबी. दोन माणसांची, कापडी टपाची. वकिलातीतल्या कुणा अधिकाऱ्याने आणलेली, पुढे एका हातातून दुसऱ्या हातात जात त्यांच्याकडे आली. खोके घेऊन आम्ही उपनगरातल्या गॅरेजात गेलो. मिस्त्रींनी मडगार्ड हातात घेतले, आतून बाहेरून तळवा फिरवला, कडेला बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाले, "माल कंपनीचा आहे." एमजीबीचे पुढचे मडगार्ड बोल्टांवर असते, त्यामुळे ते लावून पाहायला फार वेळ लागत नाही. लावले, आणि काकांचा चेहरा उतरला. वरच्या बाजूला पत्रा दाराला घासत होता, खाली मात्र बोट जाईल एवढी फट. साठ वर्षांपूर्वीच्या मूळ साच्यातून दाबून काढलेला अस्सल पत्रा, आणि तो बसेना.

मिस्त्री दोनदा गाडीभोवती फिरले. मग म्हणाले, "काका, पत्रा सरळ आहे. गाडी वाकलीय."

आणि तसेच होते. दाराखालच्या पट्ट्या आतून गंजून गेल्यामुळे गाडी मधोमध बसली होती. कोणे एके काळी कुठल्याशा गॅरेजवाल्याने पट्ट्या न बदलता जुने मडगार्ड ठोकून ठोकून त्या वाकलेल्या अंगाला बसते केले होते आणि उरलेले पुट्टीने झाकले होते. पंधरा-वीस वर्षे ती गाडी सरळ दिसत होती. नवा पत्रा लावला तेव्हा कळले.

जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या अस्सल पत्र्यांविषयी लिहायचे तर एवढी हकिगत आधी सांगायला हवी होती. कारण हा विषय निघाला की बहुतेकांना तो श्रीमंतांचा चोचला वाटतो. चोचला आहेच. पण त्याच्या पोटात उत्पादनाचा, मालकीहक्काचा आणि आपल्या कायद्याचा जो प्रश्न दडलेला आहे तो फक्त श्रीमंतांचा नाही.

मुळात सगळ्याच जुन्या गाड्यांना हा प्रश्न पडत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर एमजीने जी 'टीसी' काढली, तिला खाली लोखंडी सांगाडा होता, त्यावर अॅश लाकडाची चौकट आणि चौकटीवर पत्रा. असा पत्रा आपला कुठलाही कसलेला डेंटर वाळूची पिशवी, डॉली आणि हातोडी घेऊन घडवू शकतो. जुन्या संस्थानी गाड्या आपल्याकडे आजही रस्त्यावर दिसतात त्याचे निम्मे श्रेय अशा अनाम कारागिरांना आहे. पण १९६२ साली आलेल्या एमजीबीला वेगळा सांगाडाच नव्हता. पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. दाराखालची पट्टी दिसायला किरकोळ, पण वर टप नसलेल्या गाडीचा सगळा भार तीच पेलते. तिची खोली, तिच्या घड्या, तिच्यातली मधली पट्टी जशीच्या तशी नसेल तर गाडी बसणार, आज नाही तर दहा वर्षांनी.

असे पत्रे प्रेसमध्ये तयार होतात. एका मडगार्डासाठी साचा एक नसतो. पहिल्यात पत्रा ओढून आकार द्यायचा, दुसऱ्यात कडा कातरायच्या, तिसऱ्यात त्या वळवायच्या, चौथ्यात भोके पाडायची. बिडाचे हे साचे टनावारी वजनाचे असतात. चाकणच्या किंवा पिंपरीच्या प्रेसशॉपमध्ये ज्याने काम केले आहे त्याला सांगायला नको की साचा करणे हा गाडीतला सर्वात महाग आणि सर्वात कमी बोलला जाणारा भाग आहे. लाखो पत्रे काढायचे असतील तरच तो परवडतो. गाडी बंद झाली की साचा म्हणजे जागा अडवणारे भंगार. बहुतेक कारखान्यांत तो त्याच भावाने जातो.

एमजीबीच्या बाबतीत तसे झाले नाही, आणि त्यामागे भाबडी वारसाभक्ती नव्हती. अॅबिंग्डनचा कारखाना १९८०च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाला तोवर एमजीबी पाच लाखांवर निघाल्या होत्या. ब्रिटिश लेलँड ही तेव्हाची अवाढव्य आणि कायम तोट्यातली सरकारी कंपनी. तिने १९७५ साली आपल्या जुन्या ठेव्याची व्यवस्था पाहण्यासाठी एक वेगळी शाखा काढली होती, तीच पुढे ब्रिटिश मोटर हेरिटेज या नावाने ओळखली गेली. लाखो गाड्या रस्त्यावर, त्यातल्या बऱ्याच अमेरिकेत, आणि सगळ्या गंजणाऱ्या. म्हणजे गिऱ्हाईक तयार होते. त्या शाखेतल्या लोकांनी विखुरलेले मूळ साचे हुडकले, दुरुस्त केले आणि १९८८ साली फॅरिंग्डन या गावी एमजीबीचे अख्खे अंग, एकही सुटा भाग न लावलेले, नव्याने जोडून विकायला सुरुवात केली. बंद पडलेल्या गाडीचे नवे कोरे अंग कंपनीच्याच नावाने मिळते आहे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

पुढची गंमत अशी की सुट्या भागानेच गाडीला जन्म दिला. १९८९ साली जपानच्या माझ्दाने एमएक्स-५ ही छोटी उघडी स्पोर्ट्स गाडी काढली आणि ब्रिटिशांनी सोडून दिलेल्या बाजारात ती धडाक्याने खपू लागली. रोव्हरकडे उत्तर द्यायला काहीच नव्हते. हेरिटेजचे अंग मात्र तयार होते. त्याच्या आधारावर १९९२ साली एमजी आरव्ही८ आली. सुमारे दोन हजार गाड्या निघाल्या आणि त्यातल्या बहुसंख्य गेल्या कुठे, तर जपानला.

आता मालकीचा प्रवास पाहा. ब्रिटिश लेलँडची रोव्हर झाली. ती १९८८ साली ब्रिटिश एरोस्पेसकडे, १९९४ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यूकडे गेली. बीएमडब्ल्यूने २००० साली तिचे तुकडे केले आणि एमजी रोव्हर अवघ्या दहा पौंडांना देऊन टाकली. २००५च्या एप्रिलमध्ये ती कोसळली. नाव आणि मालमत्ता चीनच्या नानजिंग कंपनीने घेतली, पुढे तीही शांघायच्या सैकमध्ये विलीन झाली. सैकने एमजीचे अष्टकोनी चिन्ह गुजरातेत हालोलला आणले, आणि २०२४पासून त्या भारतीय कंपनीत मुंबईच्या जेएसडब्ल्यू समूहाचा ३५ टक्के वाटा आहे. सायबरस्टर नावाची विजेवर चालणारी दोन माणसांची एमजी २०२५ साली आपल्याकडेही विक्रीला आली. चांगली गाडी आहे म्हणतात. तिच्या जाहिरातीत जुन्या उघड्या एमजींचा वारसा सांगितला जातो.

साचे मात्र या वरातीत नव्हते. बीएमडब्ल्यूने २००१ साली हेरिटेज कंपनी वेगळी काढून खासगी हातात दिली. ती आज ऑक्सफर्डशायरमधल्या विटनी गावात आहे आणि तिथे एमजीबी, मिजेट, मिनी यांची अंगे आणि पत्रे आजही निघतात. काकांचे मडगार्ड तिथलेच. म्हणजे एमजी हे नाव शांघायला, त्याचा एक वाटा मुंबईला, आणि मूळ एमजीचा आकार विटनीतल्या एका शेडमध्ये. शांघायचे किंवा मुंबईचे मालक उद्या काकांना एक मडगार्ड द्यायचे म्हणाले तरी देऊ शकणार नाहीत. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीच्या बातम्या वाचताना आपण नाव कोणाकडे गेले तेवढेच पाहतो. गाडी जिवंत ठेवण्याची ताकद कोणाकडे गेली हे पाहत नाही.

जग्वारचे उदाहरण आपल्याला जास्त जवळचे. फोर्डकडून ती २००८च्या जूनमध्ये टाटांकडे आली. १९६१ची ई-टाइप ही जगातल्या सर्वात देखण्या गाड्यांत गणली जाते, आणि तिच्यावर कंपनीच्या नावाने काय करायचे याचा शेवटचा शब्द आज बॉम्बे हाऊसचा आहे. कॉव्हेंट्रीजवळ रायटन येथे २०१७ साली जग्वार लँड रोव्हरने जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र कार्यशाळा उघडली. त्याआधी २०१४ साली त्यांनी एक धाडस केले होते. १९६३ साली अॅल्युमिनियमच्या हलक्या ई-टाइप अठरा काढायच्या ठरल्या होत्या, निघाल्या बाराच. उरलेले सहा क्रमांक वहीत रिकामे होते. ते कंपनीने पन्नास वर्षांनी भरले. साचे नव्हतेच, म्हणून एका मूळ गाडीचे अंग आतून बाहेरून संगणकाने मोजले. एक बाजू मोजली आणि दुसरी तिचे आरशातले प्रतिबिंब म्हणून घेतली. त्यामुळे नव्या सहा गाड्यांची डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी झाली. हाताने घडवलेल्या जुन्या गाड्यांची तशी नसे. मला विचाराल तर अस्सलपणाची इतकी काळजी घेतल्यावर गाडी मुळापासून दूर गेली ती याच ठिकाणी. पण गिऱ्हाइकांची तक्रार ऐकिवात नाही.

मर्सिडीजनेही ३०० एसएल या पंखांसारखी दारे उघडणाऱ्या गाडीचे पत्रे असेच पुन्हा काढले. मूळ गाड्या मोजायच्या, त्यावरून हत्यारे करायची, शेवटचा हात कारागिराचा. ती गाडी १९५४ ते १९५७ या काळात फक्त १,४०० निघाली आणि आज तिची किंमत दहा लाख डॉलरच्या पुढे जाते. तिथे एका पत्र्याला हजारो युरो पडले तरी मालकाला बोचत नाही. एमजीबीचा हिशेब उलटा. तिचे नवे अंग दहा हजार पौंडांच्या पुढे जाते आणि उत्तम स्थितीतली अख्खी एमजीबी तिकडे जेमतेम त्याच्या दीडपट-दुपटीला मिळते. व्यवहार म्हणून पाहिले तर तो खुळेपणा आहे. तरीही ती अंगे खपतात, कारण साच्याचा खर्च साठ वर्षांपूर्वीच वसूल झालेला आहे आणि घेणारे हजारो आहेत. दुर्मिळ गाडी पैशावर जगते, सामान्य गाडी संख्येवर. मधल्या गाड्यांचे हाल. ना पैसा, ना संख्या.

बाजारात 'अस्सल' या शब्दाचेही थर आहेत. गाडी निघत होती तेव्हाच दाबलेला, कंपनीच्या कागदी चिठ्ठीसकट कुठल्या तरी विक्रेत्याच्या माळ्यावर पडून राहिलेला पत्रा सर्वात मानाचा. गमतीचा भाग असा की असे पत्रे पुष्कळदा गंजलेले, पोचे पडलेले असतात, आणि काही हौशी ते गाडीला न लावता चिठ्ठीसकट भिंतीवर टांगतात. त्याखालोखाल मूळ साच्यातून आज दाबलेला पत्रा. मग मोजमापावरून कंपनीनेच नव्याने केलेला. आणि सर्वात खाली, आपल्याकडे ज्याला सरसकट डुप्लिकेट म्हणतात तो. डुप्लिकेटमध्येही चांगले-वाईट आहे. वाईटात पत्रा पातळ असतो, अंगावरची उभट रेघ दारावरच्या रेघेशी जुळत नाही, बोल्टांची भोके अर्धा सेंटिमीटर सरकलेली असतात. किमतीत वाचलेले पैसे मग डेंटरच्या मजुरीत जातात.

डुप्लिकेट काढायला कायद्याची आडकाठी आहे का? या प्रश्नाचा इतिहासही ब्रिटिश लेलँडशीच जोडलेला आहे. तिच्या गाड्यांच्या सायलेन्सरच्या नळ्या बाहेरची एक कंपनी बनवत होती. आमच्या आराखड्यावर आमचा कॉपीराइट, तेव्हा पैसे भरा, असा लेलँडचा दावा. १९८६ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. गाडी विकल्यावर ती दुरुस्त करण्याचा मालकाचा हक्क गाडी बनवणाऱ्याला हिरावता येत नाही, असा त्या निकालाचा आशय. दोनच वर्षांनी ब्रिटिश कायद्यात तरतूद आली की मूळ गाडीशी जुळलाच पाहिजे अशा भागाच्या आकारावर तिथला आपोआप मिळणारा डिझाइन-हक्क चालणार नाही. युरोपीय संघाला याच गोष्टीला २०२४ साल उजाडावे लागले, आणि तिथेही जुन्या हक्कांना २०३२च्या डिसेंबरपर्यंत मुदत दिलेली आहे. उलट दिशेचा निकालही आहे. १९६०च्या दशकातली फेरारी २५० जीटीओ ही कलाकृती आहे, तिची नक्कल करता येणार नाही, असे बोलोन्याच्या न्यायालयाने २०१९ साली म्हटले. आपल्याकडे नोंदवलेल्या डिझाइनला जास्तीत जास्त पंधरा वर्षांचे संरक्षण मिळते. म्हणजे १९६२च्या मडगार्डाचा आकार चाकणमध्ये कोणी दाबायचा म्हटला तर डिझाइनचा कायदा आड येत नाही. एमजी नाव मात्र त्यावर घालता येणार नाही. आडवा येतो तो साच्याचा खर्च.

कायदा आडवा येतो तो दुसऱ्याच ठिकाणी. केंद्र सरकारने २०२१च्या जुलैमध्ये जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा खास क्रमांक, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत. फार दिवसांची मागणी होती, स्वागत झाले ते योग्यच. पण व्याख्येत एक अट आहे. गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्या सांगाड्यात, अंगात किंवा इंजिनात बदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी. ज्या गाडीचे अंग हाच सांगाडा आहे, जी पन्नास-साठ पावसाळे मुंबईच्या खाऱ्या हवेत उभी आहे, तिच्या दाराखालच्या पट्ट्या कापून नव्या घातल्या तर ती दुरुस्ती की बदल? अख्खे अंगच विटनीहून आणले तर? मिस्त्रींनी खरे तर तोच सल्ला दिला होता. काकांनी नोंदणीच्या भीतीने तो मानला नाही. इंग्लंडात अशा गाडीची ओळख ठरवायला वर्षानुवर्षे गुणांची पद्धत होती. मूळ किंवा कंपनीकडून आलेले नवे कोरे अंग असेल तर पाच गुण, एकूण आठ मिळाले की जुना क्रमांक कायम. गेल्या म्हणजे २०२५च्या ऑगस्टपासून तर जशीच्या तशी दुरुस्ती असेल, गाडीचे रूप आणि नोंदणीपुस्तकातला तपशील बदलत नसेल, तर परिवहन खात्याला कळवण्याचीही गरज उरलेली नाही. त्यांनी अस्सल पत्र्याला गाडीच्या ओळखीचा भाग मानले. आपल्या नियमाच्या शब्दांत तो संशयिताच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो, म्हणून आपला माणूस पुट्टीकडे वळतो. पुट्टी कागदावर दिसत नाही.

त्याच २०२१च्या ऑगस्टमध्ये भंगार धोरण जाहीर झाले. रोख तपासणीत नापास होणाऱ्या वीस वर्षांवरच्या खासगी गाड्यांवर. हवेचे प्रदूषण हा खरा प्रश्न आहे आणि धूर ओकणाऱ्या गाडीची बाजू मी घेणार नाही. पण दोन महिन्यांत आलेले हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले की कुतूहल वाटते. पन्नाशी गाठणाऱ्या गाडीला मान, विसाव्या वर्षी तपासणीत नापास झाली तर तिलाच भंगारचा रस्ता. मधली तीस वर्षे तिने कुठे लपून काढायची?

प्रीमियर पद्मिनी ही काही स्पोर्ट्स गाडी नव्हे, पण कुर्ल्याला निघालेल्या त्या गाडीची आठवण इथे टाळता येत नाही. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली तिची शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली. एक तरी गाडी जतन करा, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने केली होती. रास्त मागणी. मागणी गाडीची होती, साच्यांची नव्हती. फॅरिंग्डनच्या लोकांनी नेमका उलटा विचार केला होता.

काकांच्या गाडीचे काम अजून चालू आहे. दाराच्या पोकळीत आडव्या सळया वेल्ड करून मिस्त्रींनी आधी अंग ताणून सरळ केले, मग जुन्या पट्ट्या कापल्या. आतून गंजाचा भुगा घमेलेभर निघाला. नव्या पट्ट्या बसल्या, दार एका बोटाने लागू लागले, आणि मग ते मडगार्ड पुन्हा लावले तेव्हा फट वरपासून खालपर्यंत सारखी आली. काका बराच वेळ नुसते दार उघडत-मिटत होते.

परवा मी गेलो तेव्हा मडगार्ड पुन्हा काढलेले होते. मिस्त्रींनी ते प्लायवूडच्या फळीवर पालथे घातले होते आणि पेन्सिलीने त्याची कड गिरवत होते. बोल्टांच्या भोकांपाशी फुल्या मारल्या होत्या. भिंतीशी अशाच पुठ्ठ्याच्या आणि प्लायच्या आकृत्या टेकून ठेवलेल्या. कुणाची डिकी, कुणाचे दार, प्रत्येकीवर खडूने गाडीचे नाव आणि साल.

"ही कशाला आता?" मी विचारले. "अशी गाडी पुन्हा येणार आहे थोडीच तुमच्याकडे?"

"आली तर?" मिस्त्री म्हणाले, आणि पेन्सिलीला टोक करायला चाकू शोधू लागले.